कर्जाच्या अटींत शाळा-दवाखाने कसे शोधावेत

आयएमएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं श्रीलंकेला दिलेल्या कर्जाचं उदाहरण घेऊ: मार्च 2023, मुदत 48 महिने, सुमारे 3 अब्ज डॉलर. आयएमएफच्या संकेतस्थळावरून या कर्जाचा ‘स्टाफ रिपोर्ट’ (आयएमएफच्या अधिकाऱ्यांचा अहवाल) उतरवून घ्या आणि गोडगोड प्रस्तावना सोडून थेट मागच्या तक्त्यांवर या.

तिथे दोन प्रकारची उद्दिष्टं दिसतील. ‘परफॉर्मन्स क्रायटेरिया’ चुकले की हप्ता अडतो, आयएमएफच्या संचालक मंडळाकडून सूट मिळवावी लागते. ‘इंडिकेटिव्ह टार्गेट’ चुकलं तर अशी सूट मागायची गरज नसते. सरकारची व्याज वगळून उरणारी शिल्लक (2025 साठी जीडीपीच्या 2.3 टक्के) पहिल्या प्रकारात, सामाजिक खर्चाची किमान रक्कम दुसऱ्या. खरी मेख इथेच आहे. जून 2024 अखेर चुकलं ते नेमकं सामाजिक खर्चाचंच उद्दिष्ट.

मग त्याच अहवालाच्या तांत्रिक परिशिष्टात ‘सामाजिक खर्च’ म्हणजे काय ते बघा. श्रीलंकेत त्यात मुख्यतः गरिबांना रोख मदत धरली आहे. शिक्षकांचा पगार किंवा सरकारी रुग्णालयातली औषधं त्या आकड्यात शोधू नका.

ते शोधायला आता सरकारचं अंदाजपत्रक घ्या. समजा, आरोग्याची तरतूद 100 वरून 110 झाली आणि महागाई 20 टक्के आहे. 110 ला 1.20 ने भागा: 91.7. वाढ कसली, कात्रीच! आणि तरतुदीवर विसंबू नका, प्रत्यक्ष खर्च घ्या. भरती बंद असली की रिकाम्या जागांचा पगार कागदावरच राहतो.