शहीद पोलिसाचा स्मृतिदिन गावात कसा पाळावा

गावातील पोलीस जवान कर्तव्यावर असताना मारला गेला, तर पहिल्या वर्षी गावात मोठा मंडप पडतो, पुढारी येतात, भाषणे होतात. आणि चौथ्या-पाचव्या वर्षी फलकावरचा हार वाळून तसाच लोंबत राहतो, कारण पहिल्या वर्षीचा खर्च आणि उत्साह दर वर्षी पेलणे कोणत्याही लहान गावाला शक्य नसते. म्हणून स्मृतिदिनाचा विचार करताना पहिला निकष असा ठेवावा की, एकही पाहुणा आला नाही आणि हातात पाचशे रुपयेच असले, तरी जो कार्यक्रम वीस वर्षांनीही होईल, तेवढाच आज ठरवावा. पुढे जे सांगितले आहे, ते याच बेताने.

सुरुवात घरापासून करावी. तेरवी होईपर्यंत स्मारकाचा, नामकरणाचा किंवा पुतळ्याचा विषय काढू नये. त्या दिवसांत घरच्यांना कागदपत्रांसाठी, पाहुण्यांच्या व्यवस्थेसाठी आणि शेतातील अडलेल्या कामांसाठी माणसे हवी असतात, आणि ती पुरवणे हेच गावाचे पहिले काम होय. तेरवीनंतर पोलीस पाटील, सरपंच आणि घराशी जुना संबंध असलेली एखादी वडीलधारी बाई अशा दोघा-तिघांनीच जाऊन बोलावे. जवानाची पत्नी आणि आई यांच्याशी शक्यतो वेगवेगळे बोलावे, कारण सासरी बसलेली तरुण पत्नी सासू-सासऱ्यांसमोर मनातले सांगेलच असे नाही. त्यांना मृत्यूचा प्रसंग सांगायला लावू नये. कोणते छायाचित्र लावायचे, नाव कसे लिहायचे, कार्यक्रमात बोलायचे की नाही आणि मुलांना समोर आणायचे की नाही, एवढेच विचारावे, आणि उत्तर नकारार्थी आले तर ते तसेच मान्य करावे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. व्यासपीठावर ‘वीरपत्नी’ म्हणून शाल-श्रीफळ द्यायचे आणि त्याच गावात हळदी-कुंकवाला, लग्नाच्या मांडवात किंवा पूजेच्या ताटाला तिला हात लावू द्यायचा नाही, हा प्रकार अजूनही घडतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आपल्या गावात असा ठराव झालेला नसेल, तर स्मृतिदिनाच्या निमित्ताने तो ग्रामसभेपुढे ठेवावा, आणि निदान स्मारकापुढील दीप तरी पाहुण्यांच्या आधी तिच्या किंवा जवानाच्या आईच्या हातून लावावा.

त्यानंतरचे काम माहिती गोळा करण्याचे, आणि बहुतेक चुका येथेच होतात. घरात हाक मारायचे नाव, शाळेच्या दाखल्यावरील नाव आणि सेवापुस्तकातील नाव यांत फरक असू शकतो. फलकावर सेवापुस्तकातील पूर्ण नाव घ्यावे आणि घरच्यांची इच्छा असल्यास हाकेचे नाव त्याखाली लिहावे. मृत्यूच्या वेळी असलेले पद, बक्कल क्रमांक (पोलिसाचा दलातील ओळख क्रमांक), नेमणुकीचे पथक, घटनेची तारीख, ठिकाण आणि तालुका या बाबी जिल्हा पोलीस मुख्यालयातून लेखी मागवून घ्याव्यात. जिल्हा पोलीस, राज्य राखीव पोलीस बल आणि केंद्रीय राखीव पोलीस बल ही तीन निरनिराळी दले आहेत, तरीही गावातील फलकांवर त्यांची सरमिसळ सर्रास आढळते. मरणोत्तर शौर्यपदक मिळालेले असेल, तर त्याचे पूर्ण नाव आणि वर्ष राजपत्रातील नोंदीप्रमाणे लिहावे. ‘राष्ट्रपती पदक’ एवढेच लिहिल्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण त्या नावाने शौर्यासाठीही पदक दिले जाते आणि विशिष्ट सेवेसाठीही. दिल्लीतील चाणक्यपुरी येथील राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे 21 ऑक्टोबर 2018 रोजी लोकार्पण झाले असून तेथील भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर प्राण गमावलेल्या पोलिसांची नावे कोरलेली आहेत. आपल्या जवानाचे नाव तेथे आले आहे का, याचीही चौकशी मुख्यालयामार्फत करता येते.

जवानाबरोबर जे मारले गेले, त्यांची नावेही लिहावीत, असे माझे आग्रहाचे मत आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मरकेगाव येथे 1 फेब्रुवारी 2009 रोजी नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात 15 पोलीस मारले गेले. त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ 17 पोलीस मारले गेले. कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेडा येथे 1 मे 2019 रोजी झालेल्या भूसुरुंग स्फोटात शीघ्र प्रतिसाद पथकाचे 15 जवान आणि त्यांचे खासगी वाहन चालवणारा एक चालक असे 16 जण मृत्युमुखी पडले. हा चालक पोलीस दलात नव्हता, त्यामुळे त्याचे नाव पोलिसांच्या यादीत शोधून सापडणार नाही. पण जवानांना घेऊन जाणारा माणूस तोच होता, आणि गावाच्या फलकावर त्याच्या नावाला जागा देण्यास कोणताही नियम आड येत नाही. तसेच, वीरमरण म्हणजे नक्षलवाद्यांच्या गोळीनेच आलेले मरण, अशी समजूत करून घेऊ नये. 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात अवैध दारूची गाडी अडवताना एका पोलीस उपनिरीक्षकाला वाहनाखाली चिरडण्यात आले. बंदोबस्तात, पुरात किंवा रात्रीच्या गस्तीवर मृत्यू आलेल्या शिपायाचा स्मृतिदिनही याच पद्धतीने पाळता येतो.

तारीख कोणती धरावी, हा प्रश्न नेहमी येतो. घरचे श्राद्ध तिथीनुसार होते आणि तो घरचा विषय आहे. गावाचा कार्यक्रम मात्र घटनेच्या इंग्रजी तारखेला किंवा 21 ऑक्टोबरला असावा. 1959 मध्ये या दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस बलाचे 10 जवान मारले गेले, आणि तेव्हापासून हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. जिल्हा मुख्यालयात त्या सकाळी मानवंदना होते, वर्षभरात देशात कर्तव्यावर प्राण गमावलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात, शोकशस्त्राचा (शस्त्रे उलटी धरण्याचा) आदेश होतो आणि बिगुलावर लास्ट पोस्ट ही निरोपाची धून वाजते. घरच्यांना त्या दिवशी मुख्यालयात निमंत्रण असण्याचा संभव असल्यामुळे गावाचा कार्यक्रम त्याच वेळेला ठेवू नये. शिवाय विदर्भात हा काळ सोयाबीन सोंगणीचा, पहिल्या कापूस वेचणीचा आणि पूर्वेकडे धान कापणीला येण्याचा आहे. सकाळी सातला अर्धा तास घेतला तर मजूर बायाही येऊन पुढे शेतावर जातील, आणि अकराची वेळ ठेवून पाहुण्यांची वाट पाहिली तर मंडपात खुर्च्याच उरतील. उन्हाळ्यातील तारीख असल्यास साडेआठच्या आत सर्व उरकावे. 1 मे हा महाराष्ट्र दिनही असल्यामुळे आधी ग्रामपंचायतीचे ध्वजारोहण आणि मग श्रद्धांजली, असा क्रम ठेवावा. भामरागड-एटापल्लीकडे पावसाळ्यात पर्लकोटेसारख्या नद्या रस्ते अडवतात, तेव्हा बाहेरगावच्या नातेवाइकांना बोलावायचे असेल तर 21 ऑक्टोबरच बरा.

कार्यक्रम साधा ठेवावा. स्मारकाची किंवा छायाचित्राची जागा आदल्या दिवशी झाडून-पुसून घ्यावी. आईच्या किंवा पत्नीच्या हातून दीप लावून झाल्यावर घरच्यांनी, मग सरपंच, पोलीस पाटील, ठाणेदार आणि इतरांनी फुले वाहावीत. प्रत्येकाने वेगळा हार आणण्यापेक्षा गावाचे एकच पुष्पचक्र पुरेसे आहे. जवानाची माहिती शाळेतील एखाद्या मुलाने किंवा मुलीने पाच मिनिटांत वाचावी, त्यानंतर दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे आणि शेवटी राष्ट्रगीत व्हावे. गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुदेव सेवा मंडळ असेल, तर सामुदायिक प्रार्थनेइतका योग्य आरंभ दुसरा नाही. महाराजांच्या पुण्यतिथीला अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंजात, म्हणजे त्यांच्या आश्रमात, सायंकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखोंचा जमाव मौन पाळतो, त्यामुळे विदर्भाच्या माणसाला शांत उभे राहायला शिकवावे लागत नाही. ध्वनिक्षेपकवाल्याला मात्र आधी सांगून ठेवावे लागते. भाषणे दोनपेक्षा अधिक नसावीत आणि त्यांपैकी एक जवानाबरोबर शिकलेल्या किंवा नोकरी केलेल्या माणसाचे असावे. रात्री त्याच्या नावाने नाटक किंवा ऑर्केस्ट्रा ठेवू नये. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकाची हौस मोठी आहे आणि ती असावीही, पण दिवाळीनंतरच्या मंडईच्या (गावजत्रेच्या) दिवसांत ती भागतेच.

पोलिसांची मानवंदना हवी असल्यास ग्रामपंचायतीच्या पत्रासह ठाणेदारांमार्फत जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे किमान महिनाभर आधी अर्ज करावा. मनुष्यबळ उपलब्ध नसेल तर पथक येणार नाही, हे गृहीत धरूनच क्रम आखावा. पथकाऐवजी गावातील हौशी मंडळींनी बंदुकीचे बार काढणे मुळीच चालणार नाही. राष्ट्रध्वजाबाबत विशेष दक्षता घ्यावी. ध्वजसंहितेनुसार पुतळा किंवा स्मारक झाकण्यासाठी राष्ट्रध्वज वापरता येत नाही, त्यामुळे अनावरणासाठी साधे कापड घ्यावे. ध्वजावर जवानाचे नाव किंवा दुसरी कोणतीही अक्षरे लिहू नयेत, आणि गावाने आपल्या मनाने ध्वज अर्ध्यावर उतरवू नये, कारण त्यासाठी शासनाचा आदेश लागतो. शासकीय इतमामातील अंत्यविधीत ध्वजाची केशरी बाजू पार्थिवाच्या डोक्याकडे असते आणि अग्नी देण्यापूर्वी ध्वज काढून घेतला जातो. ते काम पथकाकडेच राहू द्यावे.

कायम स्मारक उभारायचे ठरले, तर जागेचा सातबारा पाहिल्याशिवाय एक वीटही रचू नये. विदर्भात गावालगतची मोकळी दिसणारी जमीन महसुली दप्तरात बरेचदा ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली असते, आणि मे 2025 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिला वनजमीन मानणेच भाग आहे. गावठाणातील ग्रामपंचायतीची जागा, तिचा ठराव आणि ग्रामसभेची मंजुरी हा सरळ मार्ग आहे. शाळेच्या आवारात बांधायचे असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा आणि जिल्हा परिषदेचा होकार लागेल. पुतळ्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि सार्वजनिक रस्त्यावर पुतळ्याला परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 मधील आदेश आहे. माझ्या मते लहान गावाने पुतळ्याच्या भानगडीत पडूच नये. कुशल मूर्तिकार परवडत नाही, स्वस्तातील पुतळ्यात चेहरा ओळखू येत नाही, आणि तो चेहरा आईला रोज पाहावा लागतो.

त्यापेक्षा कमरेइतक्या चौथऱ्यावर उभा काळा दगड आणि त्यावर खोल कोरलेली अक्षरे अधिक टिकतात. रंगवलेली अक्षरे आणि फ्लेक्स विदर्भाच्या उन्हात दोन-तीन वर्षेही तग धरत नाहीत. भामरागड भागातील माडिया समाजात मृताच्या नावाने शिळा उभी करण्याची जुनी रीत आहे. जवान त्या समाजाचा असेल तर दगड कसा, कुठे आणि कोणत्या विधीने उभा करायचा, हे गावच्या गायता-भूमियांना (पारंपरिक पुजारी व गावप्रमुखांना) आणि कुळातील मंडळींना विचारावे, तेथे बांधकाम विभागाचा नमुना चालवू नये. मजकूर असा आटोपशीर असावा: ‘पोलीस शिपाई, बक्कल क्रमांक अमुक, पूर्ण नाव, राहणार मौजा अमुक, तालुका अमुक, जन्मतारीख, अमुक तारखेला अमुक येथे कर्तव्य बजावताना वीरमरण.’ त्याखाली सोबत्यांची नावे, आणि गावात गोंडी किंवा माडिया बोलली जात असेल तर तोच मजकूर त्या भाषेतही कोरावा. देणगीदारांची, उद्घाटकांची आणि पक्षांची नावे दगडावर नकोत. ती ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत राहतील.

दगडाशिवायही आठवण राहते. खेड्यातील मुले-मुली पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीसाठी धावताना दिसतात. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. जवानाच्या नावाने मोजून आखलेला धावमार्ग, गोळाफेकीचे वर्तुळ आणि भरतीच्या पुस्तकांचे एक कपाट एवढे ग्रामपंचायतीने दिले, तर ते नाव रोज उच्चारले जाते. स्मृतिदिनाला तेथेच शर्यत घ्यावी आणि बक्षिसात रोख रकमेऐवजी बूट द्यावेत. दुसरे काम आठवणी नोंदवून घेण्याचे. त्याचे शिक्षक, वर्गमित्र, शेतातील सोबती यांना त्यांच्याच बोलीत, वऱ्हाडी असो, झाडीबोली असो की गोंडी, मोबाइलवर बोलू द्यावे आणि त्या ध्वनिफिती शाळेत व घरच्यांकडे जपून ठेवाव्यात. विचारायचे ते त्याच्या जगण्याविषयी: तो कोणत्या बाकावर बसायचा, पहिल्या पगारात काय आणले, सुटीत आल्यावर बैल कोण जुंपायचे.

समाजमाध्यमांवर काय टाकायचे, हे आधीच ठरवून घ्यावे. घटनास्थळाची किंवा पार्थिवाची छायाचित्रे कोणत्याही कारणाने फिरवू नयेत. नक्षलग्रस्त तालुक्यांत घराचा ठावठिकाणा, मुलांच्या शाळेचे नाव, पोलीस दलात असलेल्या भावाची नेमणूक किंवा पथकाच्या हालचालींचे वर्णन असलेली कोणतीही गोष्ट बाहेर जाऊ देऊ नये, आणि अशा गावात कार्यक्रमाची पूर्वसूचना जवळच्या पोलीस मदत केंद्राला द्यावीच.

खर्चासाठी लोकवर्गणी घेतली तर पावती द्यावी आणि हिशेब ग्रामसभेत वाचावा. स्मारकाची जबाबदारी एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या नावावर न ठेवता पदांवर ठेवावी, म्हणजे मुख्याध्यापक, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत सदस्य यांपैकी कोणीही बदलला तरी काम पुढच्या माणसाकडे आपोआप जाते. एका नोंदवहीत जवानाची तपासलेली माहिती, मुख्यालयाची पत्रे, ठरावांच्या प्रती, कार्यक्रमाचा क्रम आणि दर वर्षीचा खर्च लिहून ती ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी, आणि तिची एक प्रत जवानाच्या घरी द्यावी.