प्रूफवर सही घेतल्याशिवाय फाइल सोडू नका

पत्रिका-पुस्तकांच्या छपाईच्या फाइली बनवायचं काम घरून सुरू करून जेमतेम चार महिने झाले होते. अमळनेरातल्याच एका घरची लग्नपत्रिका होती, सहाशे प्रती. त्या घरातल्या थोरल्या मुलीची पत्रिका मी प्रेसमध्ये नोकरीला असताना केली होती, म्हणून जुनीच फाइल उघडली, नावं बदलली, तारीख बदलली आणि दिली पाठवून. गठ्ठा घरी पोचला त्याच संध्याकाळी नवरीचे मोठे काका स्वतः दारात. चष्मा कपाळावर, हातात पत्रिका. आजोबांच्या ओळीतला ‘कै.’ खालच्या ओळीत उतरून काकांच्या नावाला चिकटला होता. ‘पोरी, मी आजून जित्ता शे,’ एवढंच म्हणाले आणि पाणी मागितलं. सहाशे पत्रिका माझ्या खर्चाने पुन्हा छापल्या.

नोकरीत असते तर मालक ओरडला असता आणि नुकसान त्याने सोसलं असतं. स्वतंत्र काम करायचं तर आधी हा हिशोब समजून घ्या. सॉफ्टवेअर कोणतंही पोरगं महिन्याभरात शिकतं. पैसे मिळतात ते आपल्या टेबलावरून निघालेली फाइल दुसऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्याच्या कागदावर जशीच्या तशी उतरण्याचे.

आधी हत्यारं

मी प्रेसमध्ये शिकले ती पेजमेकरवर. १९८५ चं सॉफ्टवेअर, त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची, तरी आपल्या भागात कितीतरी ठिकाणी ते अजून चालू आहे, कारण जुनी कामं त्यातच पडून आहेत. नव्याने सुरू करणाऱ्याने त्यात शिरू नये. पत्रिका, हँडबिल, व्हिजिटिंग कार्ड, फ्लेक्स यांना कोरलड्रॉ. पुस्तक, स्मरणिका, शाळेचं वार्षिक अशा पानापानांच्या कामाला इनडिझाइन. फोटोला फोटोशॉप. तिन्ही विकत घेणं एकदम झेपत नाही, मलाही झेपलं नाही. सुरुवातीचं दीड वर्ष मी पुस्तकं स्क्रायबसमध्ये लावली, फोटो जिम्पमध्ये केले, चिन्हं इंकस्केपमध्ये काढली. तिन्ही फुकट आणि कायदेशीर. स्क्रायबसची १.६ आवृत्ती देवनागरी नीट जुळवते. जिम्पमध्ये फोटो आरजीबीतच, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतच, राहू द्यायचा, छपाईच्या रंगात तो स्क्रायबस पीडीएफ करताना बदलून देतो.

‘क्रॅक’ टाकून देणारे गल्लोगल्ली आहेत. त्यांचा मोह धरू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ख मध्ये माहीत असून चोरीचा प्रोग्रॅम वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. शिवाय त्या क्रॅकबरोबर आलेल्या व्हायरसने माझ्या ओळखीच्या एकाची सगळी हार्ड डिस्क गेली, ते दुःख कायद्यापेक्षा मोठं.

यूपीएस मात्र पहिल्या दिवसापासून हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि ऐन लग्नसराई तेव्हाच असते.

मराठी अक्षरांचं दुखणं

निम्मी भांडणं फाँटवरून होतात. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर वरून मराठी दिसतो, आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की सगळी जत्रा. म्हणून नवा मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या मशीनना समजणाऱ्या अक्षरांच्या कोडमध्ये, टाइप करा. मुक्ता, बलू, तिरो देवनागरी मराठी, नोटो हे फाँट फुकट मिळतात आणि छपाईत चांगले उठतात. फाँट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ बघून घ्या. बऱ्याच फाँटमध्ये ती हिंदी वळणाची असतात. आपली पाकळीची ‘ल’ आणि देठाची ‘श’ राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण म्हणून दिली आहे. शाळेच्या कामात मुख्याध्यापक हे पटकन पकडतात.

इनडिझाइनमध्ये मराठी टाकली आणि वेलांट्या भलतीकडे गेल्या, जोडाक्षरं पाय मोडून बसली, तर फाँटला दोष देऊ नका. पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत ‘अ‍ॅडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. एकही फाइल उघडी नसताना निवडलंत तर पुढच्या सगळ्या फाइलींना ते आपोआप लागतं. फोटोशॉपमध्ये हीच गोष्ट प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’खाली असते. जुन्या आवृत्तीत तिचं नाव ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ आहे, नवीनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’.

‘दुसऱ्या’, ‘नवऱ्या’ यांतला ऱ्य इनस्क्रिप्ट कीबोर्डवर असा निघतो: शिफ्ट धरून जे, मग साधा डी, मग य. साध्या र ने टाइप केलंत तर ‘दुसर्या’ म्हणून डोक्यावर रफार बसतो आणि ग्राहकाला काहीतरी खटकत राहतं, काय ते सांगता येत नाही. जुन्या फाँटचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलात तर हा ऱ्य, रफार आणि ऑ एवढे तरी डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर इथेच अडखळतो.

अहिराणीचं काम आलं तर स्पेलचेक आणि ऑटोकरेक्ट आधी बंद करा. ९७ वं साहित्य संमेलन अमळनेरला झालं त्या २०२४ साली माझ्याकडे तीन कवितासंग्रह आले, त्यांतला एक अहिराणी. बाहेरगावच्या प्रूफरीडरने भक्तिभावाने प्रत्येक ‘डोया’चा ‘डोळा’ केला आणि ‘मायनी’ची ‘मायची’. कवी माझ्या ओट्यावर डोकं धरून बसले. तेव्हापासून अहिराणीचं प्रूफ फक्त कवीच वाचतो.

फोटो

लोक फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतात. साधा पाठवलेला फोटो दाबून येतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते. प्रेसच्या ऑफसेट छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे तो फोटो सव्वापाच इंचांपर्यंतच नीट छापेल. पत्रिकेवर दोन इंचांचा नवरदेव मजेत बसेल. तोच स्मरणिकेच्या पूर्ण ए-फोर पानावर लावला तर इंचाला १३७ च पडतात, चेहरा लोण्यासारखा दिसतो. गंमत म्हणजे चौकातल्या फ्लेक्सवर तीन फुटांचा केला तरी कोणी तक्रार करत नाही, कारण फ्लेक्स वीस फुटांवरून बघायचा असतो. पूर्ण मापात ७२ पिक्सेलची फाइल फ्लेक्सला भरपूर झाली. ग्राहकाला सांगा, ‘दादा, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’ हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा टाइप करते.

गंधमुक्तीच्या (उत्तरकार्याच्या) कार्डासाठी येणारा फोटो वेगळाच असतो. भिंतीवरचा, पिवळा पडलेला, ओल लागलेला. फ्रेममधून काढून ६०० डीपीआयला स्कॅन करा, काचेवरून मोबाइलने काढू नका. मूळ लेयरला हात न लावता वर कॉपी घ्या. पिवळे डाग निळ्या चॅनेलमध्ये (फोटोच्या निळ्या रंगाच्या थरात) सगळ्यात काळे दिसतात आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. म्हणून कृष्णधवल करायचा असेल तर ‘ग्रेस्केल’ दाबू नका, लाल चॅनेल उचला. अर्धं काम तिथेच संपतं. धूळ स्पॉट हीलिंगने. डोळे आणि ओठ यांच्याजवळच्या भेगा मात्र क्लोन स्टॅम्पने, ऑपॅसिटी तीस-चाळीसवर ठेवून, हळूहळू.

एका बटणात जुना फोटो नवा करणारी एआयची साधनं मी एकदा वापरून पाहिली. फोटो चकचकीत झाला. मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘ताई, हे आमचे बाबा नाहीत.’ नाक कोणाचं तरी दुसऱ्याचं आलं होतं. आता मी चेहऱ्याला ते लावत नाही, मागच्या भिंतीला खुशाल लावते.

‘जरा गोरं करा’ हे रोजचं. मी कर्व्ह्जमध्ये मधला भाग थोडा उचलते, तेवढाच. त्याला तांत्रिक कारणही आहे. मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदावर, शाई पसरते, ठिपके फुगतात आणि फोटो पडद्यापेक्षा गडद छापतो. ते भरून निघेल इतका उजेड द्यायचा. त्यापुढे माणूस ओळखू येत नाही, आणि पासपोर्ट फोटोत तर असलं काही करूच नका.

प्रेसला जाणारी फाइल

माझ्या छपाईच्या प्लेट (दर रंगाची एक) जळगावला निघतात. मी तिथे जाऊन उभी राहू शकत नाही, म्हणून फाइलनेच बोललं पाहिजे. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर गेलेला जादा भाग. रंग सीएमवायके, म्हणजे छपाईचे चार: निळसर सायन, मॅजेंटा, पिवळा (यलो) आणि काळा (के). पडद्यावरचा झगझगीत केळीचा हिरवा छपाईत मरतो, हे सावद्याच्या एका शेतकऱ्याच्या खोक्याच्या लेबलवर मी शिकले. रंग बदलून नमुना आधीच दाखवा. कुंकवाचा लाल हवा तर मॅजेंटा १०० आणि यलो १०० द्या, अंदाजाने ओढू नका.

बारीक अक्षरं कधीही फोटोशॉपमध्ये टाइप करू नका. तिथला काळा चार रंगांचा बनतो, चार प्लेट केसभर सरकल्या की अक्षराला रंगीत कड येते. फोटो फोटोशॉपमध्ये, अक्षरं कोरलमध्ये, आणि काळा म्हणजे फक्त ‘के’ १००. सगळं मंजूर झालं की कोरलमध्ये कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह (नुसते आकार) करा, पण त्याआधी टाइप असलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा. कर्व्ह झालेल्या अक्षरात नंतर मोबाइल नंबर बदलता येत नाही, आणि तो बदलायला सांगणारा फोन हमखास येतो. प्रेसकडे कोरलची जुनी आवृत्ती असेल तर सेव्ह करताना ती निवडा. नाहीतर सरळ छपाईसाठीची पीडीएफ एक्स-१ए द्या.

पुस्तक असेल तर पहिल्या दिवशी माप आणि फॉर्म ठरवा. डेमी अष्टमांश म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, सोळा पानांचा फॉर्म (एकत्र छापून घडी घालायचा ताव). ९६ पानं म्हणजे सहा फॉर्म. कवितासंग्रह ९८ पानांवर गेला तर दोन पानांसाठी कागद, प्लेट, बाइंडिंग सगळंच वाढतं. अशा वेळी दोन कविता कापायच्या नसतात, अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश एका पानावर आणायचे असतात. कवीला पटवायला मात्र वेळ ठेवा.

पत्रिका आणि सही

खान्देशातली पत्रिका म्हणजे छोटी मतदारयादीच. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, समस्त परिवार, शेवटी चिमुकल्यांचा आग्रह. ऐंशी नावं सहज होतात आणि कोण वर कोण खाली यावरून रुसवे होतात. नावांचा क्रम मी कधीच सुचवत नाही. घरातल्या एकाच माणसाकडून, कागदावर लिहून घेते. फोनवरून चार जण सांगायला लागले की काम थांबवते.

काकांच्या प्रकरणापासून नवी पत्रिका नेहमी कोऱ्या फाइलमध्ये. कै., चि., चि. सौ. कां., श्री. या सगळ्या उपाध्या पहिल्या प्रूफमध्ये लाल रंगात ठेवते, म्हणजे घरच्यांची नजर तिथे आपोआप जाते. मंजुरीनंतरच त्या काळ्या होतात. वाचताना दोघं लागतात, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवायचं. नावं खालून वर वाचा. वरून वाचलं की डोळे पुढचं नाव आधीच गृहीत धरतात. तारीख आणि वार पंचांगात जुळवा. मोबाइल नंबरवर खरंच फोन लावून बघा.

मग प्रूफवर सही. गाव लांब असेल तर व्हॉट्सअॅपवर त्यांनी स्वतः टाइप करायचं: ‘नावे, तारीख, वार, वेळ, ठिकाण, नंबर तपासले, छापा.’ नुसता अंगठा चालत नाही. माझे मामेसासरे यावर चिडले होते, घरच्या माणसाकडून सही घेतेस म्हणून. त्यांचीही घेतली.

पैशाचं थोडक्यात. निम्मी रक्कम टायपिंगच्या आधी, उरलेली गठ्ठा हातात देताना. दोन दुरुस्त्या दरात धरलेल्या, तिसरीपासून प्रत्येकीचे वेगळे पैसे. हे लिहून दिलं की दुरुस्त्या आपोआप दोनात आटोपतात. सेवेची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, पण साधं बिल छापून ठेवा. शाळा आणि पतसंस्था त्याशिवाय चेक काढत नाहीत.

निवडणुकीचं हँडबिल आलं तर घाई कितीही असो, लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२७-क विसरू नका. मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता कागदावर छापलेलं हवं. प्रकाशकाने सही केलेलं, दोन साक्षीदारांचं घोषणापत्र प्रेसकडे हवं, आणि छापल्यावर प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवी. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘ताई, नाव नका टाकू, रात्रीतून वाटायचंय’ म्हणत कोणी आलं तर मी कॉम्प्युटर बंद करून चहा टाकते. चहा पिऊन जातात बिचारे.

फाइलींची नावं गाव, आडनाव, महिना आणि आवृत्ती अशी ठेवते. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ असली नावं माझ्याही फोल्डरमध्ये एकेकाळी होती. दर रविवारी सगळं दोन हार्ड डिस्कवर उतरवते. एक घरात, दुसरी बहिणीकडे धुळ्याला, तिच्या कपाटात साड्यांखाली. प्रूफचे सही केलेले कागद पत्र्याच्या पेटीत, वर्षावार. काकांच्या त्या चुकलेल्या पत्रिकेची एक प्रत त्याच पेटीत सगळ्यात वर आहे.