नाणं, सेल, पिन पोटात गेली तर: केळं नको, आधी फोटो

मुलाने नाणं गिळलं असं कळलं की आपल्याकडे पहिला हात केळ्यांकडे जातो. खानदेशातल्या रावेर-यावल-चोपड्याच्या पट्ट्यात तर केळी घरचीच. केळं खाऊ घातलं की पैसा निसटून खाली जातो, ही समजूत इतकी पक्की आहे की दवाखान्यात यायच्या आधी दोन-तीन केळी मुलाच्या पोटात गेलेली असतात. मी तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढतो. दार उघडताच ‘भाऊ, पोऱ्यानी पैसा गियी टाका’ असं सांगत आई आत येते, आणि मागून आजीचा आवाज येतो, ‘काही व्हत नही, सकाय निंघी जाई.’ आजी पुष्कळदा बरोबरही ठरते. पण कधी ठरते आणि कधी नाही, हे फोटो काढल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून पहिलं काम हे: काहीही खायला-प्यायला देऊ नका. केळं नाही, भाताचा गोळा नाही, भाकरीचा तुकडा नाही, पाणीसुद्धा नाही. अन्ननलिकेत अडकलेलं नाणं केळ्याने सरकत नाही. केळं त्याच्यावर जाऊन बसतं, मूल ओकतं, आणि ते ओकलेलं श्वासात जाऊ शकतं. शिवाय नाणं दुर्बिणीने काढायचं तर भूल द्यावी लागते आणि त्यासाठी पोट रिकामं लागतं. पोट भरलेलं असेल तर डॉक्टरांना काही तास थांबावं लागतं, आणि थांबायला वेळ नसेल तर भरल्या पोटावर भूल देण्याचा धोका पत्करावा लागतो. घशात बोट घालून, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. उलटं धरून झटके द्यायचे नाहीत. एरंडेल तर अजिबात नाही.

एक प्रसंग याला अपवाद आहे. वस्तू अन्ननलिकेऐवजी श्वासाच्या वाटेत गेली आणि मुलाला श्वासच घेता येत नसेल, आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर दवाखान्याची वाट बघायची नाही. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर ते हातावर पालथं, डोकं खाली ठेवून धरा आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. वर्षापेक्षा मोठ्या मुलालाही पाठीत पाच थापा द्याव्यात, नंतर मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच झटके द्यावेत. मुलाची शुद्ध हरपली तर जमिनीवर झोपवून छाती दाबायला लागा. दुसऱ्याने तोपर्यंत 108 ला फोन लावावा. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या. हवा जाते आहे याची ती खूण आहे.

आता फोटोकडे येतो, कारण माझं काम तेच. मुलाला आत आणण्याआधी त्याच्या अंगावरचं सगळं धातूचं काढा. गळ्यातला ताईत, कमरेचा चांदीचा करदोडा, पायातले वाळे, बनियनला लावलेली पिन. हे सगळं फोटोत पांढरं उमटतं, आणि बनियनची पिन पोटातली वाटून घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. फोटो नुसता छातीचा नको, मान ते बैठक असा पूर्ण हवा आणि एक बाजूनेही घेतलेला हवा. लिहून दिला नसेल तर डॉक्टरांना विचारा. नाणं अन्ननलिकेत असेल तर समोरच्या फोटोत ते सहसा पूर्ण गोल दिसतं. श्वासनलिकेत असेल तर बहुधा कडेने, काडीसारखं दिसतं.

आणि बाजूच्या फोटोसाठी मी आग्रह धरतो तो बटण सेलमुळे, म्हणजे रिमोट-खेळण्यांत असतो त्या चपट्या गोल सेलमुळे. फोटोत नाणं आणि सेल दोन्ही पांढरे गोल. घरचे सांगतात ‘रुपया गिळला’, कारण त्यांना हातात काहीतरी चमकताना दिसलेलं असतं. पण नीट मोठं करून पाहिलं की नाण्याचा गोल सहसा सलग भरलेला असतो, तर सेलच्या कडेच्या आत दुसरं बारीक वर्तुळ दिसतं. बाजूच्या फोटोत नाणं सपाट पट्टी दिसतं, सेलला एका अंगाने छोटी पायरी दिसते. ती पायरी दिसली की मी फिल्मची वाट पाहत नाही, उठून डॉक्टरांना बोलावतो.

सेल नाण्याइतकाच गुळगुळीत असतो, तो टोचत नाही, फुटायचीही गरज नसते. अन्ननलिकेच्या ओल्या भिंतीला दोन्ही बाजूंनी चिकटला की त्यातून वीज वाहू लागते आणि ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा जळजळीत क्षार तयार होतो. भिंत आतून जळते. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. सर्वांत वाईट तो 20 मिलिमीटरचा, 3 व्होल्टचा लिथियम सेल, ज्यावर सीआर 2032 असं लिहिलेलं असतं. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो बरोबर अडकतो. रिमोट चालत नाही म्हणून काढून ठेवलेला ‘मेलेला’ सेलही सुरक्षित नाही. रिमोट चालवण्यापुरता जोर त्यात उरलेला नसतो, मुलाला जाळण्यापुरता असतो.

मूल गिळताना कोणी पाहिलं नसेल तर हे ओळखणं अवघड जातं. लाळ गळते, जेवण नको म्हणतं, खोकतं, थोडा ताप येतो, आणि सर्दीचं औषध सुरू होतं. कधी काहीच लक्षण नसतं. म्हणून घरातल्या एखाद्या वस्तूचं मागचं झाकण उघडं आणि सेल गायब दिसला, तर मूल हसत-खेळत असलं तरी फोटो काढून घ्या.

सेलच्या बाबतीत ‘काही देऊ नका’ या नियमाला एकच सूट आहे, ती मधाची. मूल एक वर्षापेक्षा मोठं आहे, गिळू शकतंय, आणि सेल गिळून बारा तास झालेले नाहीत, तर दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाचा थर जळणं थोडं मंदावतो, थांबवत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच द्यायचा नाही, त्यातून वेगळा जीवघेणा आजार होऊ शकतो. आणि मध शोधत दुकानं फिरू नका. घरात असेल तर उचला आणि निघा.

निघायचं कुठे, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून निघालं तर दोन तास घाटातच जातात. फोटो जवळच्या दवाखान्यात निघतो, पण सेल काढायला लहान मुलांची दुर्बीण लागते आणि भूल देणारे डॉक्टर लागतात. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गाडीत बसल्यावर एकाने तिथे किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावून एवढंच विचारावं: लहान मुलाच्या अन्ननलिकेतून सेल काढायची सोय आत्ता, या वेळेला आहे का? नसेल तर वाटेतच दिशा बदलता येते. एका दारातून दुसऱ्या दारात पाठवण्यात जी वेळ जाते, ती मी माझ्या टेबलावर फार वेळा पाहिली आहे आणि मला ती पाहवत नाही.

सेल निघाला म्हणून निर्धास्त होऊ नका. जळालेली जागा नंतरच्या दिवसांत, आठवड्यांतही फाटू शकते आणि शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोचू शकते. उलटीत थोडं जरी रक्त दिसलं, शी डांबरासारखी काळी झाली, तर रात्र असो की पहाट, तसेच निघा.

नाण्याला एवढी घाई नाही, पण ते अन्ननलिकेत असेल तर 24 तासांच्या वर तिथे ठेवत नाहीत. लाळ गळत असेल किंवा श्वासाला त्रास असेल तर लगेच काढतात. दहा आणि वीस रुपयांची नाणी 27 मिलिमीटरची, म्हणून लहानांत जास्त अडकतात. अशा मुलात ती पोटातून पुढे सरकायलाही कुरकुरतात. साधं नाणं एकदा पोटात उतरलं की बहुतेक वेळा शीवाटे बाहेर पडतं, साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत. डॉक्टरांनी घरी पाठवलं की मग मुलाला नेहमीसारखं जेवू द्या. आता केळंही चालेल. शी जुन्या वर्तमानपत्रावर किंवा पॉटमध्ये करवून घ्या आणि जुन्या गाळणीत पाणी ओतून पाहा. किळस वाटते, पण नाणं दिसलं की पुन्हा फोटो काढायची गरज उरत नाही. पोट दुखणं, पोट फुगून कडक होणं, सतत उलट्या, ताप, रक्त, यांपैकी काहीही झालं तर वाट पाहू नका.

सुई, उघडी सेफ्टी पिन, खिळा, तारेचा तुकडा यांची गोष्ट वेगळी. कुटीतून, म्हणजे चिरलेल्या कडब्यातून, गाईच्या पोटात तार गेली की ती पुढे हृदयापर्यंत टोचत जाते, हे आपल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. माणसाच्या पोटातही टोकदार वस्तू आतडं भेदू शकते. ती पोटात असेल तोवर दुर्बिणीने निघते, पुढे गेल्यावर रोज फोटो काढून लक्ष ठेवावं लागतं. त्यामुळे त्याच दिवशी या. साडी नेसताना पिन दातांत धरायची सवय मी माझ्या घरात बंद करवली. हातात पिनांची डबी ठेवायला काहीच खर्च येत नाही, आणि लहान पोर आईचं पाहून तोंडात धरायला शिकतं.

लोहचुंबक एक असेल तर बहुधा निघून जातो. दोन असतील, किंवा एक चुंबक आणि एखादी लोखंडी वस्तू असेल, तर आतड्याची दोन वेटोळी दोन्हींच्या मध्ये चिमटली जातात, रक्तपुरवठा तुटतो आणि भोक पडतं. वरून मूल ठणठणीत दिसतं. कान न टोचता घालायच्या चुंबकी कानातल्यांत असे जोडीचे तुकडे असतात, छोट्या गोळ्यांच्या खेळण्यांत तर ढिगाने. किती होते, ते घरी उरलेले मोजून सांगा.

मोठ्यांतही हे होतं. झोपेत तारेची कवळी गिळलेले आजोबा येतात. तिची तार टोकदार धरा आणि वरच्यासारखंच वागा.

सारंगखेड्याच्या यात्रेतून लुकलुकणारं खेळणं आणलं तर त्याच्या सेलचं झाकण स्क्रूचं आहे का पाहा. नुसतं नखाने उघडत असेल तर चिकटपट्टी गुंडाळा. तेच रिमोटला, दिवाळीच्या सेलवरच्या दिव्यांना, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला, साखर तपासायच्या यंत्राला. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो उंच जागी ठेवा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आलेल्या पाहुण्यांनी पोराच्या मुठीत खाऊचं नाणं ठेवलं तर ते लगेच आईकडे घ्या.

येताना तशीच दुसरी वस्तू असेल तर आणा: तसंच नाणं, सेलचं पाकीट, ज्यातून निघाला ते खेळणं. आणि चार गोष्टी एका कागदावर लिहून ठेवा: मुलाचं वय आणि वजन, काय गिळलं, किती वाजता, शेवटचं काय आणि कधी खाल्लं. घाबरलेल्या आईला ऐनवेळी आठवत नाही, आणि भूल देणारे डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.