मीटर ८० वर, गाडी ६० वर

माझी २००१ ची जीप रँगलर, ५ गिअरवाली. मागचापुढचा दोन्ही एक्सलचा गिअर रेशो (चाक एकदा फिरायला शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा) ३.०७ वरून ४.१० केला, ओढायला लागली मस्त, पण इथे अमेरिकेत हायवेवर काटा ८० मैलांवर आणि सगळे मला ओव्हरटेक करून जातायत, जीपीएस लावून बघितलं तर खरा स्पीड ६०! कारण साधंय, मीटर चाकावरून नाही तर ट्रान्सफर केसच्या (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारा डबा) शाफ्टवरून चालतं आणि तो आता जास्त फिरतो. ओडोमीटरपण तसंच पळतं बरं का.

हिशोब असा, तिथे मीटर चालवणारा छोटा प्लास्टिक गिअर असतो, त्या जुन्याचे दात २७, गुणिले ४.१०, भागिले ३.०७, म्हणजे नवीन गिअर ३६ दातांचा. एक बोल्ट काढला की सेन्सरसकट बाहेर येतो, थोडं तेल सांडतं, खाली फडकं ठेवा. ओ-रिंगपण (तेल गळू नये म्हणून असते ती रबरी रिंग) नवीनच टाकली.

आता माझा गाढवपणा. गिअर ज्यात बसतो त्या हाऊसिंगवर दातांचे २६-३१, ३२-३८ असे आकडे असतात, आपल्या दातांचा आकडा बरोब्बर खाली, घड्याळात ६ असतात तिथे यायला हवा, मी जुन्याच जागेवर बसवलं. परत खोललं, फिरवलं. आता ६० ला ६०.