कोपऱ्यात न बसणारं काचतंतूंचं कापड: माझा अनुभव

खोल साच्यात काचतंतूंचं कापड बसवताना आतल्या कोपऱ्यात ते सारखं उचललं जात होतं. रोलर फिरवला की बसायचं, हात काढला की पुन्हा वर. अशा पोकळीत हवा अडकते किंवा नुसतं रेझिन (कापड भिजवून नंतर कडक होणारा चिकट द्रव) साचतं, आणि पुढे भाग तिथेच तडकतो.

कापड साध्या विणीचं होतं: प्रत्येक धागा एकावरून, एकाखालून. गुंफण दाट, म्हणून धागे जागचे हलत नाहीत. मी 2×2 ट्विल घेतलं. त्यात धागा दोनावरून, दोनाखालून जातो आणि कापड जास्त वळतं. पण खरा फरक पडला तो कापण्याच्या दिशेनं! तुकडे धाग्यांशी 45 अंशांत तिरके कापले. मग ओढल्यावर विणीतले चौकोन तिरपे होतात आणि कापड कोपऱ्यात बिनसुरकुती उतरतं. कडा उसवू नयेत म्हणून आधी मास्किंग टेप लावून टेपच्या मधोमध कात्री चालवली. ही टेप रेझिनखाली मात्र राहू देऊ नका, थर तिथे चिकटत नाही.

तिरका थर पिळाला चांगला तोंड देतो, सरळ ताणाला कमी. त्यामुळे सपाट भागावर 0/90 दिशेचा, म्हणजे धागे तिरके नसून सरळ आणि आडवे असलेला, वेगळा थर दिला. आता कोपऱ्यावर टिचकी मारली तर आवाज भरीव येतो.