टेक्ससमध्ये घर घेतलेल्यांनो, एचओएशी लेखीच बोला

फ्रिस्को किंवा प्लेनोच्या नव्या वसाहतीत घर घेताना क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होण्याच्या दिवशी सह्यांसाठी कागदांची जी चळत पुढे येते, तिच्यासोबत एचओएचे (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे वसाहतीतील घरमालकांची संघटना) निर्बंधपत्रही, म्हणजे वसाहतीच्या नियमांचा दस्तही असतो आणि आपल्यापैकी बहुतेक जण ते न वाचताच पुढे सरकतात. मीही तेच केले होते. पुण्या-मुंबईच्या सोसायटीचा अनुभव गाठीशी असल्यामुळे हेही तसेच प्रकरण असणार, असे आपण गृहीत धरतो. पण तिकडे 1960 चा सहकारी संस्था अधिनियम आहे आणि सेक्रेटरी दाद देत नसेल तर निदान उपनिबंधकाचे दार ठोठावता येते. टेक्ससमध्ये एचओएंवर असा कोणी उपनिबंधक नाही. टेक्ससच्या मालमत्ता कायद्याच्या, म्हणजे प्रॉपर्टी कोडच्या 209 व्या प्रकरणात घरमालकाला बरेच हक्क दिलेले आहेत, मात्र ते वापरण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागते.

त्यातला सर्वांत उपयोगी हक्क म्हणजे हिशेब पाहण्याचा. वर्गणी वाढली की क्लबहाउसमध्ये चर्चा भरपूर होते, पण मॅनेजमेंट कंपनीला फोन करून किंवा बोर्डाच्या सदस्याला रस्त्यात गाठून विचारलेल्या प्रश्नाला कायद्याच्या दृष्टीने काही किंमत नाही. मागणी लेखी हवी, ती सर्टिफाइड मेलने आणि एचओएच्या सर्वांत अलीकडच्या मॅनेजमेंट सर्टिफिकेटवर (एचओएचा पत्ता आणि संपर्क नोंदवणारा अधिकृत कागद) दिलेल्या पत्त्यावरच पाठवायला हवी, आणि कोणत्या वर्षाचे कोणते कागद, ते नुसते पाहायचे आहेत की प्रती हव्या आहेत, हे त्यात स्पष्ट लिहायला हवे. अशा मागणीला कामकाजाच्या 10 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. तेवढ्यात जमत नसेल तर तसे लेखी कळवून आणखी 15 दिवस, तेही कामकाजाचेच, घेता येतात. चौदाहून अधिक घरांच्या एचओएला हिशेब आणि सभांची इतिवृत्ते 7 वर्षे जपून ठेवावी लागतात. टाळाटाळ झालीच तर जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या स्थानिक कोर्टात, अर्ज करता येतो. शेजाऱ्याने वर्गणी भरली की नाही, हे मात्र मागू नये, कारण ती माहिती गोपनीय असते. थकबाकीदारांची नावे लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावण्याची आपली पद्धत इथे विसरावी लागते.

दंडाच्या बाबतीतही हेच. कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसतो, अशी नोटीस आम्हाला आली तेव्हा पन्नास-शंभर डॉलरसाठी कशाला वाद, असे घरात सर्वांचे मत होते. तरीही मी सुनावणी मागितली. नोटीस पाठवल्यापासून 30 दिवसांत ती लेखी मागावी लागते आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर बोर्डाने आपल्या बाजूचे पुरावे सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी घरमालकाला द्यायचे असतात. त्या पाकिटात एकच फोटो होता आणि त्याच्या कोपऱ्यात तारीख होती मंगळवारची, वेळ सकाळी 7 वाजून 10 मिनिटांची. आमच्याकडे कचऱ्याची गाडी मंगळवारीच येते. दंड रद्द झाला, पण मी सुनावणी मागितली नसती तर तो फोटो मला कधी दिसलाच नसता.

रागाच्या भरात वर्गणी भरणे थांबवू नका, हे मी प्रत्येक नव्या कुटुंबाला दोनदा सांगतो. केवळ दंडाच्या थकबाकीपायी एचओएला घर जप्त करून विकता येत नाही. वर्गणीच्या थकबाकीपायी मात्र, निर्बंधपत्रात तशी तरतूद असल्यास, कोर्टाचा आदेश मिळवून विकता येते. वाद चालू असला तरी वर्गणी वेळेवर भरावी आणि खरोखरच अडचण असेल तर हप्ते मागावेत.

नव्या वसाहतीत बोर्डावर बहुधा बिल्डरचीच माणसे असतात आणि रहिवाशांच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. नियोजित घरांपैकी 75 टक्के विकली गेली की त्यानंतर 120 दिवसांच्या आत बोर्डातील किमान एक तृतीयांश सदस्य घरमालकांनी निवडलेले असावे लागतात. तेव्हा किती घरे विकली गेली, याचा हिशेब कोणीतरी ठेवलेला बरा. बोर्डाच्या नेहमीच्या सभेची सूचना 144 तास आधी द्यावी लागते, पण ती ईमेलने हवी असेल तर आपला पत्ता एचओएकडे नोंदवणे आणि बदलला की कळवणे, ही आपली जबाबदारी आहे.

दाराचे तोरण, चौकटीवरचा गणपती किंवा पाडव्याची गुढी यांबद्दल नवे लोक फार बिचकतात. श्रद्धेपोटी लावलेल्या अशा वस्तूंना, सुरक्षिततेला धोका नसेल आणि हद्दीचे नियम मोडत नसतील तर, एचओएला सहसा मनाई करता येत नाही. पूर्वी ही मुभा दारापुरतीच होती, 2021 मध्ये ती आपल्या संपूर्ण जागेला मिळाली. मागच्या अंगणात छप्पर घालायचे असेल तर मात्र एचओएच्या आर्किटेक्चरल कमिटीची (बांधकामातील बदलांना मंजुरी देणारी समिती) लेखी मंजुरी हातात येईपर्यंत कंत्राटदाराला ॲडव्हान्स देऊ नका.