साजाचं डिझाइन गुजरीबाहेर फुटू नये म्हणून

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफपेठेत, किंवा हुपरीत कोल्हापुरी साजासारख्या दागिन्यांची डिझाइनं काढणाऱ्या संगणकाला नुसता विंडोजचा पासवर्ड असेल, तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की सगळ्या फायली उघडतात. म्हणून राखण मदरबोर्डपासून सुरू करा.

आधी वही घाला. ‘सिस्टीम इन्फॉर्मेशन’ उघडून मॉडेल, बायोसची (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि तारीख उतरवून घ्या. सिरीयल नंबर ब्रँडेड मशीनच्या स्टिकरवर असतो, बायोसमध्येही दिसतो. दोन्ही जुळले पाहिजेत. असेंबल केलेल्या मशीनमध्ये तिथे बरेचदा ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ एवढंच येतं. मग मदरबोर्ड, डिस्क आणि रॅमच्या पट्टीवरचे नंबर लिहा. मॅक ॲड्रेसवर (नेटवर्क कार्डच्या नंबरावर) विसंबू नका, तो सॉफ्टवेअरमधून बदलता येतो. मशीन दुरुस्तीहून आलं की वहीशी ताडून घ्या.

आता बायोस. ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड घाला, यूएसबीवरून बूट बंद करा, टीपीएम, म्हणजे डिस्कच्या कुलपाची किल्ली जपणारी सोय, चालू करा (इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावाने सापडेल) आणि खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सिक्युअर बूटही. पण ‘सिस्टीम इन्फॉर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’ समोर लेगसी (जुनी पद्धत) दिसत असेल तर थांबा: डिस्क आधी जीपीटी या नव्या मांडणीत नेल्याशिवाय मोड बदललात तर विंडोज सुरूच होणार नाही. डेस्कटॉपच्या बऱ्याच मदरबोर्डवर सीआर २०३२ सेल काढला की हा पासवर्ड उडतो. म्हणून खरी भिस्त बिटलॉकरवर, म्हणजे अख्खी डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीवर. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की छापून घ्या आणि मशीनपासून लांब, वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते आठवा. की गेली तर डिझाइनंही गेली. ती परत मिळवून देणारा कुणी नाही.

फर्मवेअर, म्हणजे बायोस, अपडेट करणं टाळू नका. सिक्युअर बूटच्या २०११ सालच्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपत जाते. फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्या. मॉडेलबरोबर बोर्डचं रिव्हिजनही जुळलं पाहिजे. ती फाइल ठेवायचा पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. आधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा, नाहीतर टीपीएमला फर्मवेअर बदललेलं दिसतं आणि संगणक चालू होताच ती ४८ अंकी की मागतो. डेस्कटॉप यूपीएसवर, लॅपटॉप चार्जरवर हवा. पावसाळ्यात वीज ये-जा करत असेल तर त्या दिवशी हात लावू नका, कारण अर्धवट लिहिलेल्या चिपवर बोर्ड उठतच नाही. काम झालं की बायोसमध्ये जाऊन सगळी सेटिंगं पुन्हा बघा. अपडेटनंतर ती कधीकधी मूळपदावर जातात.

शेवटी बाहेर जाणारे फोटो. कोपऱ्यातलं नाव सहज कापलं जातं. पेढीचं पुसट नाव साजाच्या पानांवरून, जावमण्यांवरून तिरकं जाऊ द्या. शिवाय अदृश्य वॉटरमार्क (फोटोत दडवलेली खूण) घाला, प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा क्रमांक देऊन. पिक्सेलच्या शेवटच्या बिटमध्ये दडवलेली खूण व्हॉट्सॲपने फोटो दाबला की पुसली जाते. डीसीटी पद्धतीने, म्हणजे एकेका पिक्सेलऐवजी फोटोच्या लहरींत, घातलेली बरीच टिकते. तरी तपासा: फोटो दुसऱ्या फोनवर पाठवा, तिथे स्क्रीनशॉट घ्या, चौथा हिस्सा कापा आणि क्रमांक वाचता येतो का पाहा. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवून घेतलेली परीक्षा धरू नका, त्यात फाइल जशीच्या तशी जाते. कुठला क्रमांक कोणाला दिला, ते त्याच वहीत तारखेसह लिहा.